ब्रेकपॉइंट दहा लावायचे की दोन?

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या पायताणाच्या दुकानाची साइट करून दिली, की मालक ती आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडतो. लॅपटॉपवर कितीही देखणी असली तरी निकाल तिथंच लागतो. ती मोबाइलवर नीट बसवायची कशी, याच्या सरळ दोन वाटा आहेत.

पहिली जुनी: प्रत्येक रुंदीला वेगळी मीडिया क्वेरी, म्हणजे स्क्रीन ठरावीक रुंदीची असेल तरच लागणारे सीएसएसचे (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे) नियम. ती रुंदी म्हणजे टप्पा, ब्रेकपॉइंट. बूटस्ट्रॅप ५ या तयार सीएसएस संचातही ५७६ पासून १४०० पिक्सेलपर्यंत पाच टप्पे आहेत. ताबा पूर्ण आपल्या हातात राहतो, पण छोटा बदलही पाच ठिकाणी करावा लागतो. शिवाय मीडिया क्वेरीमुळे नियमाचं वजन वाढत नाही, नंतर लिहिलेला नियम जिंकतो. म्हणून मिन-विड्थच्या (‘किमान इतकी रुंदी’ सांगणाऱ्या) क्वेरी लहानाकडून मोठ्याकडे लिहायच्या.

मी एकदा मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) ७६८ ला वरचा मेनू लपवला आणि मिन-विड्थ ७६८ ला तीन रेघांचं बटण. जुना आयपॅड उभा धरला की रुंदी नेमकी ७६८. दोन्ही नियम लागू, मेनूही गायब आणि बटणही गायब! मॅक्स-विड्थला ७६७.९८ का लिहितात, ते त्या दिवशी कळलं.

दुसरी वाट म्हणजे रुंदी ग्रिडवर, सीएसएसच्या रकाने पाडणाऱ्या मांडणीवर, सोपवणं. ऑटो-फिट (बसतील तेवढे रकाने) आणि मिनमॅक्स (किमान-कमाल रुंदी) लावून ‘कार्ड, म्हणजे एका मालाची चौकट, किमान २२० पिक्सेल’ एवढंच सांगायचं. मधली फट २० पिक्सेल धरली, तर ३६० च्या चौकटीत एक कार्ड बसतं, ७६८ मध्ये तीन, १२०० मध्ये पाच. मीडिया क्वेरी एकही नाही. मग मालक म्हणतात, “मोबाइलवर एका ओळीत दोन जोड दिसू देत की.” किमान १५० केलं की मोबाइलवर दोन येतात, पण १२०० मध्ये सात! कापशी पायताणावरची वेणी दिसायला नको का? इथं ग्रिडचं डोकं चालत नाही. मोठ्या स्क्रीनसाठी किमान २२० करणारी एक मीडिया क्वेरी लावावीच लागते. मेनूचंही तसंच.

याशिवाय कंटेनर क्वेरीही आहेत, त्या फेब्रुवारी २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतात. त्या स्क्रीनची नाही, कार्ड ज्या डब्यात आहे त्याची रुंदी बघतात. तेच कार्ड मुख्य यादीत आणि बाजूच्या अरुंद पट्टीतही वापरायचं असेल तर घ्या. पाच पानांच्या साइटला गरज नाही, आणि गिऱ्हाइकांकडं अपडेट न केलेले जुने फोन असतील तर जपूनच.

दुकान, खानावळ, लॉज यांच्या साइटला मी ग्रिड आणि दोनच मीडिया क्वेरी लावतो: एक मेनूसाठी, एक मोठ्या स्क्रीनवरच्या कार्डांसाठी. आकडे फोनच्या मॉडेलवरून ठरवत नाही. ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत जायची आणि मांडणी जिथं बिघडेल तिथं टप्पा टाकायचा. आकडेवारीचे तक्ते, डाव्या-उजव्या पट्ट्या असलेलं मोठं पोर्टल असेल तर चार-पाच टप्पे लागतात, तिथं कंजूषपणा करू नका.

आणि पानाच्या कोडच्या हेडमधला व्ह्यूपोर्ट मेटा टॅग, म्हणजे पान मोबाइलच्याच रुंदीत मांडायला सांगणारी ओळ, बघून घ्या. तो नसेल तर मोबाइल पानाला साधारण ९८० पिक्सेल रुंद समजतो, आणि मोबाइलसाठी लिहिलेली एकही क्वेरी लागत नाही.