गांडूळ का वाळा, पाहा बरं जवळून

पावसाळा लागला की न्हाणीत काळसर सुतळीसारखं काहीतरी वळवळते अन् घरचे म्हणतात गांडूळ हाय, फेका बाहेर. थांबा राजेहो, तो वाळा असू शकते, म्हणजे चक्क साप, कणा असलेला, आपल्याच पृष्ठवंशीय गटातला, अन् गांडूळ बिनकण्याचं, वलयी संघातलं, जळू त्याची भाऊबंद.

गांडुळाच्या आंगावर कड्या दिसतात, आंग ओलं अन् चिकट, कारण ते कातडीनंच श्वास घेते, म्हून उन्हात सुकलं की मेलं. चालताना लांब होते, आखडते. वाळ्याचं तसं नाही, तो नागमोडी पळते, बारीक चकचकीत खवले, जीभ आतबाहेर, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, श्वास फुप्फुसानं. खाणं मुंग्या-वाळवीची अंडी अन् अळ्या. माणसाले त्याचा काहीच धोका नाही, उगाच चप्पल घेऊन धावू नका.

पिलांचं तर भलतंच. गांडूळ नर-मादी दोन्ही एकाच आंगात, तरी बहुतेकदा जोडी लागतेच, अन् आपल्याकडच्या या नेहमीच्या वाळ्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी देतात! वावरासाठी विचाराल तर माझं मत गांडुळाले, माती भुसभुशीत तेच करते. वाळा सापडला तर कुंडीतल्या मातीत सोडून द्या.