फुकट तपासणी आणि नसलेल्या ब्रेक पॅडचं बिल

माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रमच्या आत ब्रेक शू असतात, ज्यांना बहुतेक जण लायनर म्हणतात. पॅड असतात ते डिस्क ब्रेकला. तरीही एका गॅरेजने मला ‘मागचे ब्रेक पॅड, एक सेट’ असं बिल लावलं आणि मी ते भरलं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका मेकॅनिकने ते बिल वाचलं आणि तो हसायलाच लागला. मग त्याने गाडी लिफ्टवर घेतली, खालून नजर फिरवली आणि त्याचं हसू थांबलं.

झालं होतं ते असं. लांबचा प्रवास होता म्हणून गाडी आधी तपासून घ्यायला दिली. आवाज, थरथर, गाडी एका बाजूला ओढणं, अशी कसलीच तक्रार नव्हती. तपासणी फुकट होती. दुपारी सर्व्हिस ॲडव्हायझरचा फोन आला.

“साहेब, मागचे दोन्ही शॉकअप लीक आहेत. पुढच्या डिस्क गेल्यात, पॅड तर संपल्यातच जमा. अशी गाडी रस्त्यावर न्या असं मी तरी नाही म्हणणार. घरचीच माणसं बसणार ना?”

पाठोपाठ दोन फोटो आले. एकात तेलाने ओला झालेला शॉक ॲब्सॉर्बर, दुसऱ्यात झिजलेला पॅड. “आत्ता हो म्हणालात तर संध्याकाळी गाडी देतो, नाहीतर पार्ट दुसऱ्या गाडीला जाईल,” हेही जोडलं होतंच. प्रवास तोंडावर, मुलं मागच्या सीटवर बसणार. ‘नाही’ म्हणायला माझ्याकडे काय आधार होता? हो म्हणालो.

त्या फोनकडे आज पुन्हा पाहिलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. त्यात विशेषणं भरपूर होती, पण आकडा एकही नव्हता. ‘गेल्यात’, ‘संपल्यात’, ‘लीक’. वास्तविक ब्रेकइतकी मोजता येणारी गोष्ट गाडीत क्वचितच असते. नव्या पॅडचा थर साधारण १० ते १२ मिमी असतो आणि तो ३ मिमीच्या आसपास आला की बदलायची वेळ होते. डिस्क किती पातळ होईपर्यंत वापरायची, ते किमान माप बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेलं असतं. व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावा आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, दोन मिनिटांचं काम. ज्याने खरोखर मोजलंय त्याला आकडा सांगायला काहीच अडचण नसते.

फोटोंचीही तीच कथा. चाकाचा, नंबर प्लेटचा किंवा गाडीच्या रंगाचा तुकडासुद्धा त्यात नव्हता. ते कुठल्याही गाडीचे असू शकत होते. दुसऱ्या मेकॅनिकने शॉकअपचा फोटो मोठा करून दाखवला. खरी गळती जुनी असते, तिच्यावर धूळ बसून काळा चिकट थर तयार होतो. फोटोतलं तेल मात्र आत्ताच फवारल्यासारखं स्वच्छ, चमकणारं होतं. शिवाय शॉकअपवर तेलाचा हलका ओलसरपणा येणं हा दोष नव्हेच. ओघळ उतरत असेल किंवा गाडी खड्ड्यानंतर डोलत राहत असेल तर चिंता करावी.

आता लिफ्टवर काय दिसलं ते. माझे मागचे शॉकअप जुनेच होते. त्यांच्यावर छापलेली निर्मितीची तारीख गाडीच्या वयाशी जुळत होती. बोल्टवरचा गंज अखंड होता, म्हणजे त्यावर अलीकडे पाना लागलाच नव्हता. वरून फक्त काळ्या रंगाचा एक हात मारलेला. पुढचे पॅड आणि डिस्क खरंच नवीन होत्या, पण आधीच्या बदलण्याइतक्या झिजल्या होत्या का, हे आता कोण सांगणार? जुने पार्ट मला मिळालेच नव्हते. म्हणजे एकाच बिलात तीन प्रकार होते: न केलेलं काम, गाडीत नसलेला पार्ट आणि गरज होती की नव्हती हे कधीच कळणार नाही अशी दुरुस्ती. यातला तिसरा प्रकार सगळ्यात सुरक्षित, अर्थात त्यांच्यासाठी.

भांडायला गेलो तेव्हा याचाच प्रत्यय आला. पॅडची ओळ ‘टायपिंगची चूक’ ठरली. शॉकअपच्या बाबतीत गॅरेजमधल्या मुलाने दुसऱ्या गाडीचं काम चुकून माझ्या जॉब कार्डावर, म्हणजे कामांची नोंद असते त्या कागदावर, चढवलं होतं म्हणे. तारखेचे आणि गंजलेल्या बोल्टचे फोटो समोर ठेवल्यावर या दोन्हींचे पैसे परत मिळाले. डिस्कचे नाहीत. “त्या गेल्याच होत्या साहेब,” या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्याआधी सांगायचं आणि जॉब कार्डावर लिहून घ्यायचं. नंतर मागितले तर ‘भंगारात गेले’ हे उत्तर तयार असतं. अल्टरनेटर किंवा स्टिअरिंग रॅकसारखे काही पार्ट जुना देऊन नवा घ्यायच्या व्यवस्थेत परत जातात, वॉरंटीतलेही जातात. ते घरी नेता येत नाहीत, पण बघता नक्कीच येतात. आणि ‘तुमच्या परवानगीशिवाय जादा काम करणार नाही’ ही ओळ कार्डावर नसेल तर स्वतःच्या हाताने लिहा. कोणी तोंड वाकडं केलं तर तीही माहितीच आहे.

हा एखाद्या लबाड माणसाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. जो तपासतो तोच विकतो, आणि त्याची कमाई विक्रीवर ठरत असेल तर तपासणी आपोआप वाकडी होते. १९९२ साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिअर्स या बड्या दुकानसाखळीच्या गॅरेजांत गुपचूप गाड्या पाठवून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी गरज नसलेली कामं गळ्यात मारली गेली, असा आरोप झाला. मुळाशी कर्मचाऱ्यांना ठरवून दिलेली विक्रीची उद्दिष्टं आणि कमिशन होतं. गदारोळ झाल्यावर कंपनीने ॲडव्हायझरांसाठीची ती पद्धत बंद केली. फुकट तपासणी म्हटलं की मला आता हेच आठवतं. तपासणाऱ्याचा पगार कुठून तरी निघणारच ना.

तेव्हापासून तपासणी एकीकडे आणि दुरुस्ती दुसरीकडे. तपासणीचे पैसे आनंदाने देतो, पण आधीच सांगतो की काम इथे करून घेणार नाही, मला फक्त कागद हवा. चारही चाकांच्या ब्रेकची मापं, टायरच्या खाचांची खोली, बॅटरीचं व्होल्टेज. इंजिन काही तास बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. चालू इंजिनवर आकडा साधारण १४ असतो. टायरची जन्मतारीख तर कोणीही वाचू शकतो. बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. ‘नवा टायर’ म्हणून वर्षानुवर्षं पडून असलेला माल गळ्यात पडू नये यासाठी एवढं पुरतं.

स्कॅनरचा बागुलबुवा वेगळाच. चेक इंजिनचा दिवा लागला की मशीन जोडतात, कोड दाखवतात आणि ‘मशीनच सांगतंय’ म्हणतात. मशीन लक्षण सांगतं, पार्टचं नाव सांगत नाही. पी०४२० या कोडचा अर्थ धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते, एवढाच. कारण बिघडलेला सेन्सर, एक्झॉस्टमधली गळती किंवा इंजिनचं मिसफायर यांपैकी काहीही असू शकतं. मात्र विकला जातो तो महागडा कन्व्हर्टर. कोड लिहून घ्यावा, आणि ‘हाच पार्ट खराब आहे हे कुठल्या तपासणीतून ठरवलं?’ एवढंच विचारावं.

एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो हेही असंच एक पुराण. ती बंद प्रणाली आहे, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. लक्षात येण्याइतका कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा पुढच्या उन्हाळ्याचं गिऱ्हाईक पक्कं करत असतो. ब्रेक ऑइलचं मात्र उलट आहे. ते हवेतला ओलावा खरंच शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा ताजेपणी किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा धरल्यावर १५५. साधारण दोन वर्षांनी ते बदला म्हणणारा तुम्हाला लुबाडत नाहीये. प्रत्येक सल्ला संशयाने झटकला तर एक दिवस खरा सल्लाही झटकला जाईल, म्हणून हे लिहिलं.

बिल वाचून हसलेला तो मेकॅनिक एकटाच काम करतो, गाडी ठेवायला त्याच्याकडे जागा नाही. त्यामुळे कायमचं गॅरेज शोधावं लागलंच. त्याने पुढच्या पॅडचं माप ८ मिमी लिहून दिलं होतं. तो कागद खिशात ठेवून, त्याबद्दल अवाक्षर न काढता मी गाडी वेगवेगळ्या ठिकाणी ब्रेक बघायला दिली. एकाने चाक न काढताच ‘पॅड बदलून टाका’ म्हटलं. दुसऱ्याने पॅडसोबत इंजेक्टर क्लीनिंगही सुचवलं. ब्रेकचा आणि इंजेक्टरचा संबंध त्यालाच ठाऊक. एका गॅरेजमधल्या मावशींनी चाक काढायला लावलं, मला जवळ बोलावून व्हर्नियर दाखवला आणि कार्डावर लिहिलं: पुढचे पॅड ८ मिमी, मागचे लायनर ठीक, सध्या काम नाही. तपासणीचे पैसे घेतले, पावती दिली. पुढची सर्व्हिस त्यांच्याकडेच केली, आणि जुना ऑइल फिल्टर न मागता डिकीत ठेवलेला मिळाला.