थीम पार्कचे चार फुकट पास

मॉलच्या सरकत्या जिन्याशेजारी ते टेबल असतं. फुग्यांचा झुपका, कूपनं टाकायचा पारदर्शक डबा आणि मागे रोलर कोस्टरचा मोठा फोटो. टेबलावरचा मुलगा आईवडिलांशी आधी बोलतच नाही, पोराच्या हातात फुगा देतो. फुगा घेतला की कूपन भरणं आलंच. नाव, मोबाईल नंबर इथवर ठीक. पुढे लग्न झालंय का, दोघांचं मिळून उत्पन्न किती, क्रेडिट कार्ड आहे का, मुलांची वयं काय. लकी ड्रॉला क्रेडिट कार्ड कशाला, असं माझ्या नवऱ्यानं विचारलंसुद्धा. "फॉरमॅलिटी आहे सर, सगळ्यांना विचारतो."

घरात दोन ते पाच वर्षांची मुलं असतील तर हे पुढे वाचाच, कारण ती सगळी मांडणी तुमच्यासाठीच असते.

आमची मोठी साडेचार वर्षांची, धाकटा अडीचचा. मोठीच्या वर्गातली एक मुलगी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आली होती, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. आम्ही चिंचवडला राहतो, एक्स्प्रेसवेनं खोपोली काही लांब नाही. नाताळच्या सुट्टीत जायचं असं मनात होतं. तेवढ्यात फोन आला: अभिनंदन मॅडम, तुमच्या फॅमिलीला थीम पार्कचे चार पास लागलेत, अगदी फुकट. फक्त एका हॉटेलात येऊन घेऊन जायचे. तासाभराचा कार्यक्रम आहे, मुलांना आणा, खेळायची सोय आहे. आणि एक अट, नवरा-बायको दोघांनी यायला हवं, क्रेडिट कार्ड ओळखपत्र म्हणून सोबत ठेवा.

"दोघांनी" ही अट उगाच नसते. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून उठू शकतो. दोघं समोर बसले की विचारायला घरी कोणी उरत नाही.

हॉटेलच्या तळमजल्यावरचा हॉल. आत शिरताच कान बसतील इतकं संगीत, लहान लहान गोल टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक जोडपं, समोर टाय लावलेला एक तरुण. सगळी जोडपी लहान पोरांची. कॉलेजातली टोळी नाही, साठीतले काका-काकू नाहीत. मुलांना कोपऱ्यातल्या रंगीत चेंडूंच्या हौदाकडे नेलं, वेफर्सची पाकिटं दिली, गालांवर वाघाच्या मिशा रंगवल्या. तासाचे तीन तास कधी झाले कळू नये याची ती व्यवस्था. धाकट्याची दुपारची झोप गेली, तो माझ्या मांडीवर येऊन किरकिरायला लागला, तेव्हा समोरचा तरुण म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं, मग पास घेऊन लगेच निघा." पास हे शेवटी मिळतात. हॉलमधून कोणी मधेच उठत नाही ते त्यामुळे.

मधूनमधून संगीत थांबायचं, माईकवर कुठल्यातरी परिवाराचं अभिनंदन व्हायचं आणि सगळे टाय टाळ्या वाजवायचे. त्यातली किती कुटुंबं खरी होती, कोण जाणे.

आता तो कागद. त्या तरुणानं एक कोरा कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे आमचा पाच वर्षांचा सहलींचा खर्च: खोपोली, गोवा, मग सिंगापूर, मग हाँगकाँगचं डिस्नीलँड. चार माणसं गुणिले अमुक, हॉटेल गुणिले तमुक, आकडा साडेसात लाखांवर नेला. उजवीकडे त्यांच्या कंपनीचं सहलींचं सदस्यत्व: 1,40,000 रुपये, पाच वर्षं, दर वर्षी सहा रात्री, वर दर वर्षी थीम पार्कचे चार पास. "मुलं परत लहान होत नाहीत मॅडम." हे वाक्य त्यानं मला उद्देशून म्हटलं आणि आकडे नवऱ्याला दाखवले. कोणाला काय लागू पडतं याचं शिक्षण त्यांना देत असणार.

त्या डाव्या रकान्यात काय काय घुसवलं होतं ते नीट सांगते, कारण पहिल्यांदाच पार्कला जाणाऱ्यांना हेच माहीत नसतं. आमच्या अडीच वर्षांच्या लेकाचं पार्कचं पूर्ण तिकीट त्यानं सगळीकडे धरलं होतं. हाँगकाँगच्या डिस्नीलँडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये चार वर्षांखालच्याला लागत नाही. इमॅजिकात लहान मुलाचं तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरतं आणि ठरावीक उंचीच्या आतलं मूल फुकट जातं. म्हणजे "चार पास" मधला एक पास आम्हाला कुठल्याही कंपनीनं न देताही मिळणारच होता. आणि ज्या रोलर कोस्टरचा फोटो मॉलमध्ये लावला होता, तसल्या पाळण्यांच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. इमॅजिकातले नायट्रो, स्क्रीम मशीन, डेअर टू ड्रॉप, ही सगळी मोठ्यांची दुनिया. साडेचार वर्षांच्या मुलीला तिथून परत पाठवतात आणि ती तिथंच भोकाड पसरते. या वयाच्या पोरांच्या वाट्याला मेरी-गो-राउंड, टबी हत्तीचं उडतं पाळणं, लुटुपुटूच्या गाड्या एवढंच येतं. त्यात ती खूश असतात, पण त्यासाठी पाच वर्षांचा करार लागत नाही.

सही झाली. 35,000 रुपये कार्डावरून गेले, उरलेल्याचे हप्ते पडले. त्यानं मागितलेला ओटीपी नवऱ्यानं वाचून दाखवला. ते रेघ मारलेलं पान मी उचलायला गेले, तर तरुणानं हसत हसत घडी घालून आपल्या खिशात ठेवलं. "हे रफ आहे मॅडम, तुम्हाला छापील कॉपी मिळेल ना." छापील करारात त्या पानावरचं एक अक्षर नव्हतं. सिंगापूर नाही, डिस्नीलँड नाही, दर वर्षी पास नाहीत. उलट एक कलम होतं की प्रतिनिधीनं तोंडी दिलेलं कुठलंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. आणखी एक होतं: वार्षिक देखभाल शुल्क 8,500 रुपये अधिक जीएसटी, सुट्टी घ्या किंवा न घ्या.

पण खरी मेख पासांतच होती. निघताना एका ताईनं मोठ्या प्रेमानं मोबाईल मागितला, "पास आत्ताच चालू करून देते, नाहीतर तुम्ही विसराल." लिंक उघडली, ओके दाबलं, मेसेज आला. करारात लिहिलं होतं की दहा दिवसांत सदस्यत्व रद्द करता येईल, मात्र सदस्यानं कुठलीही सुविधा वापरलेली नसावी. पास चालू करणं म्हणजे सुविधा वापरणं. म्हणजे हॉलच्या बाहेर पडायच्या आधीच परतीचं दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं करार वाचून रद्द करायला मेल टाकला, तेव्हा उत्तरात हेच कलम तोंडावर फेकलं. फुकटची भेट ही आमिष म्हणून देतात एवढंच मला वाटायचं. ती कुलूप म्हणूनही वापरतात.

पासांचं पुढे काय झालं ते थोडक्यात. शनिवार-रविवार नाही, शाळेच्या सुट्ट्यांत नाही, नाताळात तर नाहीच. तीन तारखा दीड महिना आधी कळवायच्या, प्रत्येकी 999 रुपये "प्रोसेसिंग" भरायचे, तरी खात्री नाही. आम्ही कळवलेल्या तिन्ही तारखांना "उपलब्धता नाही". मी थेट पार्कच्या ग्राहक सेवेला विचारलं, तर असल्या पासांबद्दल त्यांना काही ठाऊकच नव्हतं. पार्कवाल्यांचा यात काही दोष नाही, त्यांचा फोटो कोणीही छापतो.

बँकेकडे गेलो. बँक म्हणाली, ओटीपी तुम्ही स्वतः दिलाय, व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. नियमानं बरोबरच आहे. रिझर्व्ह बँकेचे जे नियम ग्राहकाला संरक्षण देतात, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांना. इथे कार्ड आपणच पुढे केलेलं असतं. पोलीस चौकीतही "हा करारातला वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा" असंच ऐकायला मिळालं. अशा लोकांना नेमकं हेच माहीत असतं, म्हणून तर ते खोटी वेबसाइट काढून पळत नाहीत. ऑफिस असतं, जीएसटी नंबर असतो, पावती असते.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. तिथून कंपनीला विचारणा गेली, कंपनीनं तेच कलम चिकटवून उत्तर दिलं. नुसत्या हेल्पलाइननं काम झालं नाही, पण कंपनीचं लेखी उत्तर हातात आलं आणि पुढे तेच कामी आलं. ग्राहक पंचायतीच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आमचा करार दहा मिनिटं वाचला आणि विचारलं, "भेट फुकट म्हणाले होते, याचा काही पुरावा?" होता. पहिल्या फोननंतर आलेला व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे तसाच होता: चार पास, अगदी मोफत, कोणतीही अट नाही. ते म्हणाले, मग झालं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: देण्याचा इरादा नसताना भेट जाहीर करणं, किंवा जिची किंमत एकूण रकमेत वसूल होतेय ती वस्तू फुकट असल्याचा भास करणं. मला हे वाचून आश्चर्यच वाटलं. कायदा करणाऱ्यांनी तो हॉल पाहिलेला असावा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात केली. कंपनीचं नोंदणीकृत ऑफिस दुसऱ्या राज्यात आहे आणि वाद तिथल्याच न्यायालयात चालेल असं करारात छापलंय, त्याला घाबरू नका. या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती अशीच निघून जाते, कारण पहिले कित्येक महिने "मॅडम, सीनियरशी बोलतो" यात जातात. आमच्याशी बोलणारा माणूस दर वेळी नवीन असायचा आणि दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून. म्हणून फोनवर बोलणं बंद करा, सगळं मेलवर मागा. आयोगाची नोटीस पोचली तशी कंपनीची भाषा मऊ झाली, निम्मे पैसे परत करतो म्हणाले, सोबत "कोणतीही तक्रार उरलेली नाही" अशा कागदावर सही हवी होती. आम्ही नाही म्हटलं. प्रकरण चालू आहे.

मधल्या काळात पोरींना आणि लेकाला इमॅजिकाला नेऊन आणलं. पोरींना म्हणजे आमची आणि ती वर्गातली. तिकिटं पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढली, शाळा चालू असतानाचा मधला वार धरला, गर्दी बेताची होती. सासूबाई सोबत होत्या, त्यामुळे धाकटा सावलीत झोपला आणि आम्हालाही एखाद्या पाळण्यात बसता आलं. आधी हे माहीत असतं तर बरं, असं एकच सांगते: निघण्याआधी घरी भिंतीवर मुलाची उंची मोजा आणि पार्कच्या साइटवर कुठल्या पाळण्याला किती उंची लागते ते बघून घ्या. तिकिटाचा हिशोबही तिथंच कळतो आणि कोणी रेघ मारून आकडे दाखवायला लागला तर त्यातले खोटे चटकन दिसतात.

आता दुसरा फेरा सुरू झालाय, तोही सांगून ठेवते. वेगळ्या नंबरवरून एक बाई फोन करतात. आवाज गोड, मराठी उत्तम. आमचं सदस्यत्व कोणत्या तारखेला घेतलं, किती हप्ते गेले, सगळं त्यांना तोंडपाठ. म्हणतात, तुम्ही फसलात हे आम्हाला माहीत आहे, आमच्याकडे तुमचं सदस्यत्व विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, 1,60,000 मिळतील. फक्त त्यावरचा 18 टक्के जीएसटी आधी भरा, तो रकमेसोबत परत मिळेल. मी म्हटलं, गिऱ्हाईक देणार त्यातूनच कापून घ्या की. त्यांनी फोन ठेवला. ग्राहक पंचायतीत विचारलं, तर तिथं आलेल्या आणखी दोघांनी हा "जीएसटी" भरला होता आणि नंबर तेव्हापासून बंद. हा मात्र करारातला वाद नाही, सरळ सायबर चोरी आहे. पैसे गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. आणि आपली माहिती त्या बाईंपर्यंत कुठून गेली, हे आम्ही तक्रारीत पुरवणी अर्ज देऊन कंपनीला विचारलंय.