डोमेन माझ्या नावाचं होतं, माझ्या नावावर नव्हतं

जानेवारी २०२४ मध्ये लातूरकडच्या एका शाळेतून फोन आला. बाई तिसरीच्या वर्गाला शिकवतात. आधी माझ्या पुस्तकाबद्दल भरभरून बोलल्या, मग अडखळल्या. “ताई, राग मानू नका, पण पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुमच्या वेबसाइटचा पत्ता आहे ना, तो मी वर्गातल्या टीव्हीवर उघडला. म्हटलं, मुलांना तुमची आणखी चित्रं दाखवावीत. तर तिथं जुगार उघडतोय. जाहिरातीसुद्धा घाण आहेत. मी लगेच बंद केलं. तुम्ही बघा एकदा.”

मी बघितलं. पडद्यावर नाणी उडत होती, फिरती चक्रं होती, मजकूर परक्या भाषेतला. आणि वर पत्त्याच्या पट्टीत माझं नाव, आडनावासकट.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, पुण्यात राहते. चौदा वर्षं हेच काम करते आहे. माझ्या नावाच्या पत्त्यावर जुगार कसा आला, ते सगळं इथे सांगते. चित्रकार, फोटोग्राफर, आर्किटेक्ट, शिंपीकाम किंवा केक करणाऱ्या मैत्रिणी, ज्या कुणी स्वतःची वेबसाइट करून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं.

२०२१ च्या उन्हाळ्यात सगळं काम ईमेलवर आलं होतं. दिल्लीच्या एका प्रकाशनाने काम द्यायची तयारी दाखवली आणि एका ओळीत विचारलं, पोर्टफोलिओची लिंक पाठवा. माझ्याकडे लिंक नव्हती. मोबाइलमधले फोटो होते आणि कपाटात मूळ चित्रांचे गठ्ठे होते. ओळखीच्या एकीने व्हॉट्सॲपवर एका मुलाचा नंबर दिला. तो घरी आला, टेबलाशी बसला, चित्रं मन लावून बघितली. मग खिशातून मोबाइल काढून त्याने माझं नाव टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. “बघा मॅडम, तुमच्या नावाचं डॉट कॉम मोकळं आहे. आत्ताच घेऊन टाकतो, नाहीतर दुसरं कुणी उचलेल.” मला आनंद झाला. मी चहा ठेवायला आत गेले. चहा होईपर्यंत त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा तो पत्ता, घेतलं होतं.

फसवणूक झाली ती त्या पाच मिनिटांत. पुढच्या अडीच वर्षांत फक्त तिची फळं आली. त्याने माझा ईमेल विचारला नाही, मोबाइलवर ओटीपी मागितला नाही, पत्ता विचारला नाही. डोमेन ज्याच्या नावावर, ज्याच्या ईमेलवर नोंदवलेलं असतं, ते त्याचं असतं. पत्त्याच्या अक्षरांत नाव कुणाचं आहे, पैसे कुणी भरले, बिल कुणाच्या नावाने फाडलं, याचा मालकीशी काही संबंध नसतो. हे मला तेव्हा माहीत असतं, तर चहा बाजूला ठेवून मी त्याच्या शेजारी बसले असते.

बिल आलं ते असं: डोमेन २,५००, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) ५,०००, एसएसएल ३,५००, डिझाइन ११,०००. एकूण २२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३,९६०. निम्म्याहून जास्त पैसे आधी, बाकीचे साइट सुरू झाल्यावर. मी सगळे वेळेवर दिले. आज तोच कागद समोर घेऊन बसले की प्रत्येक ओळ वेगळी दिसते. डॉट कॉम वर्षाला हजाराच्या आसपास मिळतं. एसएसएल म्हणजे पत्त्यापुढे कुलपाचं चिन्ह येतं ती सोय. लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था ते प्रमाणपत्र फुकट देते, ते ठरावीक दिवसांनी आपोआप नवं होतं आणि माझ्या साइटवर तेच होतं. जीएसटी लावला होता, पण बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. म्हणजे ते ३,९६० सरकारकडे गेलेच नाहीत असं मी धरून चालते. “खास तुमच्यासाठी केलेलं” डिझाइन मला वर्षभराने एका दंतवैद्यांच्या साइटवर दिसलं. माझ्या कासवाच्या जागी दाढेचा फोटो होता, बाकी रंगसुद्धा तेच. तयार साचा वापरण्यात गैर काही नाही, बहुतेक जण वापरतात आणि चांगलं काम करतात. पण साच्याचे पैसे घेताना साचा आहे असं सांगावं.

साइट मात्र सुरेख दिसायची. दिल्लीचं काम मिळालं. मी स्वतः नवी चित्रं चढवायला शिकले. त्याने मला वर्डप्रेसचं, म्हणजे साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचं, लॉगिन दिलं होतं, त्यामुळे घराची किल्ली आपल्याकडे आहे असंच वाटायचं. ते लॉगिन ‘एडिटर’चं होतं. एडिटरला मजकूर आणि चित्रं बदलता येतात. प्लगइन (जादा सोयी), थीम (साइटचं रूप), इतरांची खाती, संपूर्ण साइटची प्रत काढणं, यातलं काही करता येत नाही. ते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला जमतं. तुमच्याकडे वर्डप्रेसची साइट असेल, तर आत शिरून डाव्या पट्टीत प्लगइनचा पर्याय दिसतो का ते बघा. दिसत नसेल, तर बहुधा तुम्हाला मालकिणीचं नाही, भाडेकरूचं लॉगिन दिलेलं आहे. आणि ॲडमिनचं असलं तरी डोमेन वेगळं. ती दोन वेगळी कुलपं आहेत.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याने नूतनीकरणाचे ११,००० मागितले. दिले. २०२३ च्या सुरुवातीला माझं पुस्तक आलं, चित्रंही माझी आणि गोष्टही माझीच. पहिली आवृत्ती २,००० प्रतींची. प्रकाशककाकांनी आपणहून विचारलं, मागे वेबसाइटचा पत्ता टाकायचा का? मी हो म्हटलं. त्या पानाचं प्रूफ मी तीनदा तपासलं, स्पेलिंग चुकू नये म्हणून.

ऑगस्ट २०२३ मध्ये मागणी आली २८,००० ची. वर्षभराची देखभाल, म्हणाला. मी विचारलं, देखभाल कसली केली? उत्तर आलं, “मॅडम, पुस्तकात पत्ता छापलाय तुम्ही. आता साइट बंद पडून कसं चालेल?” पुस्तकाची एक प्रत मीच त्याला भेट दिली होती. तेव्हा कळलं की भाव का वाढला.

मी म्हटलं, डोमेन मला द्या, मी दुसरीकडे बघते. त्याने लिहिलं, “डोमेन आमच्या कंपनीच्या नावावर आहे, ट्रान्सफरचे वेगळे चार्जेस पडतील.” किती ते सांगितलं नाही. चार दिवसांनी नंबर लागेनासा झाला. आठवड्याभरात साइट गेली.

माझी दुसरी मोठी चूक यानंतरची आहे. मला वाटलं, मुदत संपली, विषय संपला. तसं नसतं. डॉट कॉमची मुदत संपल्यावर नोंदणी करणारी कंपनी साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत देऊ शकते. मग तीस दिवस असे असतात की जादा दंड भरून ते परत घेता येतं. त्यानंतर पाच दिवस ते कुणालाच हलवता येत नाही आणि मग ते बाजारात मोकळं होतं. पण पहिल्या दोन टप्प्यांत ते सोडवू शकतो तो फक्त खातेदार. मी नोंदणी करणाऱ्या कंपनीला चार ईमेल केले, बिल जोडलं, आधार जोडलं, पुस्तकाच्या शेवटच्या पानाचा फोटो जोडला. उत्तर सभ्य होतं आणि चारही वेळा एकच: आमच्या नोंदीत हे डोमेन आपलं नाही. नियमाने त्यांचं बरोबर होतं.

ऑक्टोबरच्या शेवटाला कधीतरी ते मोकळं झालं. तेव्हा ते हजारभर रुपयांत मी पुन्हा घेऊ शकले असते, पण मला तारीखच माहीत नव्हती. असल्या सुटलेल्या डोमेनवर टपून बसलेली यंत्रणा असते. जुनं नाव, त्याकडे येणाऱ्या जुन्या लिंका, गुगलमध्ये झालेली ओळख, हे सगळं जुगारवाल्यांना आयतं मिळतं. माझी अडीच वर्षांची ओळख त्यांनी अशी उचलली.

आणि तारीख बघणं किती सोपं होतं! आयकॅन ही संस्था जगभरच्या डोमेनची व्यवस्था बघते. तिच्या संकेतस्थळावरच्या शोधपानात तुमचं डॉट कॉम डोमेन टाका. नोंदणी कधी झाली, मुदत कधी संपते, कुठल्या कंपनीकडे आहे, हे फुकट दिसतं. मालकाचं नाव २०१८ पासून बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं, म्हणून नाव दिसलं नाही तर घाबरू नका. त्याऐवजी स्वतःचा ईमेल तपासा. डोमेन घेतल्यावर नोंदणीच्या ईमेलवर पडताळणीची लिंक येते, पंधरा दिवसांत ती मान्य केली नाही तर डोमेन थांबवलं जातं. मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि संपल्यावरही पाच दिवसांच्या आत सूचना पाठवायची असा कंपन्यांना नियम आहे. यातलं एकही पत्र तुम्हाला कधी आलं नसेल, तर ते दुसऱ्या कुणाला तरी जातं आहे. मला अडीच वर्षांत एकही आलं नव्हतं. आलं नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

तक्रारीचं विचाराल तर तीही केली. १९३० वर फोन केला. ती हेल्पलाइन ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर लगेच अडवण्यासाठी आहे आणि तिथे मिनिटांना किंमत असते. माझे पैसे मीच, राजीखुशीने आणि महिनोन्‌महिने आधी दिलेले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, चौकीत जाऊन आले. तिथले साहेब नीट बोलले, पण म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणीत जा. वकीलबाईंनी डोमेनच्या वादाचा आंतरराष्ट्रीय मार्ग समजावला. त्यात ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि नुसती फी १,५०० डॉलर. मी ट्रेडमार्क घेतलेला नव्हता. चित्रकार आपल्या नावाचा ट्रेडमार्क कुठे घेतो?

आता माझं नवं डोमेन डॉट इनवर आहे. यावेळी साइट करणारी मुलगी आली तीच म्हणाली, “ताई, लॅपटॉप तुमचा, ईमेल तुमचा, कार्ड तुमचं. मी फक्त कुठे दाबायचं ते सांगते.” साइट बनवणाऱ्याला तुमचं डोमेन लागतच नाही. त्याला हवं असतं ते इतकंच की डोमेनच्या सेटिंगमध्ये नेमसर्व्हरच्या, म्हणजे साइट कुठे ठेवली आहे ते सांगणाऱ्या, दोन ओळी बदलाव्यात, आणि त्या तुम्हीच तिथे चिकटवू शकता. हे कळल्यावर मला खूप वेळ काही सुचलं नाही. दोन ओळी. कुणी म्हणालं की “डोमेन आमच्या खात्यात ठेवलं तरच काम होतं”, तर ते खोटं आहे. तिने काम संपल्यावर पूर्ण साइटची प्रत पेन ड्राइव्हवर दिली आणि ॲडमिनचा पासवर्ड माझ्यासमोर बदलायला लावला. जुन्या साइटवरचं माझं लिखाण मात्र माझ्याकडे कुठेच नव्हतं. इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या प्रती ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर तीन पानं जपलेली सापडली. बाकी गेलं.

लातूरच्या फोननंतर मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रकाशकांच्या गोदामात गेले. १,१४० प्रती शिल्लक होत्या. नव्या पत्त्याची पांढरी स्टिकर छापून घेतली. काकांचा एक माणूस, मी आणि माझी भाची, तिघांनी चार दिवस बसून ती लावली. पहिली दोनशे लावल्यावर भाचीने एक पान उजेडासमोर धरलं. स्टिकरच्या आतून जुना पत्ता स्वच्छ वाचता येत होता. मग आधी काळ्या मार्करने खोडायचं आणि वर स्टिकर लावायचं, असं पुन्हा पहिल्यापासून. काका एक शब्द रागाने बोलले नाहीत. त्याने मला जास्तच लागलं.

गेलेल्या ८६० प्रतींपैकी सुमारे चारशे शाळांच्या वाचनालयांत आहेत. ज्यांची नावं बिलांवर मिळाली त्या शाळांना मी पत्रं पाठवली, काहींना फोन केले. उरलेल्या प्रती दुकानांतून आणि प्रदर्शनांतून विकल्या गेल्या, त्या कुणाच्या घरी आहेत ते मला कळायचा मार्ग नाही. तुमच्या घरात किंवा शाळेत विहिरीच्या काठावर बसलेल्या कासवाचं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक असेल, २०२३ ची पहिली आवृत्ती, तर शेवटचं पान उघडा. स्टिकर नसेल तर तिथला पत्ता आधी काळ्या शाईने खोडा, मग वर जाड कागद चिकटवा. मुलांच्या हातात द्यायच्या आधी.