फेऱ्या मारायच्या की पोहायला न्यायचं?

निवृत्त रेसच्या घोड्याच्या सांध्यातला हाडाचा तुकडा दुर्बिणीने काढला, की मालकाला आधी तलाव आठवतो. पाण्यात पायावर भार येत नाही, दमही टिकतो. पण जखम पक्की भरेपर्यंत तलाव बंदच. शिवाय पोहताना घोडा मान वर ताणतो, पाठ खोलगट करतो. पाठ दुखणाऱ्याला ते नकोच. आणि हाडं, कंडरा बळकट होतात त्या भार पेलूनच.

म्हणून माझा कौल दोर धरून चालवण्याच्या फेऱ्यांना. सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, सुरुवातीला पाचच मिनिटं. कंटाळवाणं काम! त्यात कोंडलेला थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, तबेल्याबाहेर पडताच मागच्या पायांवर उभा राहतो. मोतद्दाराने दोर हाताला गुंडाळायचा नाही. परतल्यावर सांध्यावर तळहात ठेवायचा. कालच्यापेक्षा गरम लागला, तर उद्याची फेरी थांबवून डॉक्टरांना फोन.