हवेच्या फुग्यांची उशी: पाचपैकी चार तारे

व्हीलचेअरसाठी एअर सेल कुशन घ्यावं का, असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही, कारण शेवटी तक्रारही आहे.

माझी दुखापत छातीच्या दहाव्या मणक्याची, 2011 सालची. बेंबीखाली काही कळत नाही. वाईला पतसंस्थेत हिशेब बघते, म्हणजे दिवसभर बूड खुर्चीला. सुरुवातीची वर्षं गादीवाल्याकडून कापून आणलेल्या फोमवर काढली. फोम मधोमध बसतो, हाडं थेट खालच्या कापडाला टेकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डाव्या बाजूला बेडसोर (सतत दाब पडून होणारी जखम) झाला तेव्हा वरून रुपयाएवढा दिसत होता, आत बोट जाईल एवढी पोकळी होती. तो भरेपर्यंत पालथं पडून राहावं लागलं. नोकरी टिकली ती मॅनेजरसाहेबांच्या भलेपणामुळे.

पुनर्वसन केंद्रातून घरी सोडताना सगळ्यांचं एकच असतं, ‘चालायला कधी लागणार?’ माझे कॅलिपर, म्हणजे उभं राहायला पायांना बांधायचे आधार, आता माळ्यावर आहेत. इतक्या वर्षांनी आमच्यापैकी कोण कामावर आहे आणि कोण पुन्हा दवाखान्यात, हे बघितलं तर फरक पडलेला दिसतो तो कातडी, लघवी आणि खांदे यांच्यामुळे. 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या दुखापतीच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम घातला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण बेडसोर आणि लघवीच्या संसर्गानेच जायचे. आमच्या फिजिओ मॅडम हे इतक्या वेळा सांगायच्या की पाठ झालंय.

आता उशीबद्दल. काळ्या रबराचे फुगे ओळीने उभे, सगळे आतून जोडलेले. हाड जिथे रुततं तिथली हवा शेजारच्या फुग्यांत सरकते, त्यामुळे भार एका जागी राहत नाही. पण खरी गोम हवा किती भरायची यात आहे. आधी जास्त भरायची, वर बसायचं, मग तळहात वर करून उशी आणि ढुंगण यांच्या मध्ये घालायचा आणि सर्वांत खाली आलेलं हाड शोधायचं. हळूहळू हवा सोडत, त्या हाडाखाली अर्धा ते एक इंच हवा उरली की व्हॉल्व्ह बंद. जास्त टम्म भरली तर पाटावर बसल्यासारखंच. ही तपासणी मी रोज सकाळी करते. बहुतेक लोक उशी आणली त्या दिवशी करतात आणि नंतर ‘महागाची घेऊन उपयोग नाही’ म्हणतात.

आमच्याकडची गंमत म्हणजे पसरणीचा घाट. खाली वाईत हवा भरलेली उशी घाट चढून पाचगणीला पोचेतो टणक होते, कारण वर हवेचा दाब कमी. तिथे थोडी हवा सोडावी लागते आणि वाईत उतरल्यावर आठवणीने परत भरावी लागते, नाहीतर हाड तळाला टेकलंच.

उशी आहे म्हणून पुढे वाकणं सोडायचं नाही. दर अर्ध्या तासाने कोपर मांडीवर टेकवून दोनेक मिनिटं वाकते; कातडीत रक्त परत यायला तेवढा वेळ लागतोच. हातांवर अंग उचलून धरणं मी बंद केलं, खांदे बोलायला लागले होते. रात्री आरसा धरून लाली बघायची, तेही चालूच.

तक्रार पंपाची. रबरी पंप पहिल्याच उन्हाळ्यात तडकला, आणि विक्रेता म्हणतो सुटा मिळत नाही, अख्खा सेट घ्या! शेवटी सायकलवाल्या काकांनी नळी जोडून दिली. पंक्चर मात्र घरी निघतं. टबात बुडवायची, बुडबुडे दिसले की ठिगळ. कव्हर पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही, म्हणून दुसरं आधीच घेऊन ठेवा.

किंमत पाच आकडी आहे. ज्यांचा धडावर तोल राहत नाही, त्यांना चार इंची उशीवर डुलल्यासारखं होतं. त्यांनी दोन इंची बघावी किंवा फिजिओला विचारून जेलची घ्यावी. घेण्याआधी खुर्चीच्या सीटची रुंदी-खोली मोजा. उशीने उंची वाढते, मग पायटे (पाय ठेवायच्या पट्ट्या) वर घ्यावे लागतात आणि टेबलाखाली गुडघे जातात का तेही बघावं लागतं. माझे गेले नाहीत, सुताराकडून टेबलाखाली ठोकळे लावून घेतले.