सॅन स्टॉर्मचा ‘प्रोटोटाइप’ दाखवणाऱ्यापासून सावध राहा

बांदा ते पेडणे या पट्ट्यात कोणी तुम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, ताडपत्री उचलून दोन सीटची मोडकी गाडी दाखवली आणि ‘ही सॅन स्टॉर्मची लॉन्चिंगच्या आधीची सॅम्पल गाडी’ असं सांगितलं, तर पैशाचा विषयच काढू नका. माझे यात नऊ लाखांच्या वर गेलेत. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. पण त्याची पद्धत सविस्तर लिहितो, कारण नाव बदललं तरी पद्धत तीच राहणार.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॅन स्टॉर्म ही सॅन मोटर्सची दोन आसनी स्पोर्ट्स कार, १९९८ ची. डिझाइनला फ्रेंच मंडळींची मदत, बॉडी फायबरची आणि इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल. खपली फारच थोडी. ती गोव्यात बनली, म्हणून सिंधुदुर्गात तिच्याबद्दल घरोघरी काही ना काही ऐकलेलं असतं. कोणाचा मामा तिथे फिटर होता, कोणी म्हापशाच्या बाजारात लाल स्टॉर्म उभी पाहिली होती. त्यामुळे ‘कारखान्यातली एक गाडी मागे राहिली’ ही गोष्ट आपल्याकडे लगेच पचते. पुण्यात कोणी ऐकूनही घेतली नसती.

गृहस्थ बोलायला गोड. पहिल्या भेटीत पैशाचं नावही काढलं नाही, उलट ‘विकूची नाय माका, पण तुमच्यासारख्या जाणकाराच्या हातात गेली तर बरा’ असं म्हणाला. मग खिशातून चुंबक काढलं. ‘लावा, बिनधास्त लावा. चिकटता काय बघा. नाय ना? म्हणजे ओरिजनल.’ जुनी गाडी घेताना आपण चुंबक फिरवतो ते पत्र्यावर पुट्टी भरलीय का हे बघायला. फायबरला चुंबक तसंही चिकटत नाही, मग ते फ्रान्सचं असो की मालवणच्या होडीचं. पण बघ्यांवर या प्रयोगाचा परिणाम जबरदस्त होतो. शेजारी उभे असलेले दोघे लगेच माना डोलवायला लागले. ते दोघे त्याचेच होते हे नंतर कळलं.

आता या सगळ्याची खरी मेख सांगतो. साध्या जुन्या गाडीला आरसी नसेल तर आपण चहा पिऊन परत येतो. इथे आरसी नाही, कारण सॅम्पल गाडी पासिंगला गेलीच नाही. चॅसी नंबर नाही, कारण नंबर पाडायला सुरुवात होण्याआधीची गाडी. इन्शुरन्स नाही, टॅक्सची पावती नाही, आधीच्या मालकाचं नाव नाही, सगळ्याला एकच उत्तर. जे जे नाही, ते ते दुर्मीळपणाचा पुरावा. म्हणजे कागद जितके कमी, तितका भाव जास्त! इतकी सोयीची विक्री मी आजवर दुसरी पाहिली नाही.

खरं तर प्रोटोटाइपच्या मागे कागद जास्त असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे नवीन मॉडेलचा प्रोटोटाइप पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तिथला अहवाल हवेत तयार होत नाही, अमुक गाडी, अमुक इंजिन अशी नोंद असते. कंपनीने गाडी कोणाला विकली असेल तर विक्रीचा कागद हवा, भंगारात काढली असेल तर भंगाराचा. हे मी विचारल्यावर पुढच्या भेटीत एक झेरॉक्स आली. लेटरहेडवर इंग्रजीत टाइप केलेलं, १९९७ ची तारीख, खाली न वाचता येणारी सही. ‘सॅम्पल गाडी अमुक रकमेला देण्यात येत आहे’ असा मजकूर. मूळ प्रत ‘वकिलाकडे’.

ते पत्र नंतर माझ्या भाचीने हातात घेतलं. ती बँकेत आहे, कागद बघणं हा तिचा रोजचा धंदा. तिने रकमेवर बोट ठेवलं. रकमेच्या आधी ₹ हे चिन्ह होतं. हे चिन्ह सरकारने स्वीकारलं २०१० च्या जुलैमध्ये. १९९७ च्या टाइपरायटरवर ते कुठून येणार?

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. आधी टोकन, मग सांगाड्याचे साडेतीन लाख, मग ‘गाडी आमच्याच गॅरेजात उभी करू, बाहेर कोणाक ह्यां काम जमाचा नाय’ म्हणून कामाचा ॲडव्हान्स. पाचशेच्या बॉन्डवर करार, त्यावर नोटरी. नोटरीचा शिक्का सही तुमची आहे एवढंच सांगतो. गाडी विकणाऱ्याच्या मालकीची होती का, याच्याशी त्याचा संबंध नाही. निम्म्या गावाला हे माहीत नसतं, आणि बॉन्ड बघितला की माणूस सैल होतो.

इंजिन ‘कोल्हापूरला रिबिल्डला’ गेलं होतं. कोल्हापुरात इंजिनाची कामं चांगली होतात हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे शंका यायचं कारण नाही. रोज फोटो यायचे. बाकावर स्वच्छ पुसून ठेवलेलं इंजिन, शेजारी मांडलेले पिस्टन. फोटो मोठा करून बघितला तेव्हा बाकाच्या मागच्या भिंतीवर विजेचा बोर्ड दिसला. खोलगट गोल सॉकेट, आत दोनच छिद्रं, युरोपात असतात तसलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत असले बोर्ड कोणी बसवत नाही.

मग फ्रान्सहून वायरिंग आणि मीटरचा सेट मागवला, तो मुंबईत कस्टममध्ये अडकला, ड्युटी ताबडतोब भरायची, नाहीतर माल जप्त. ही फसवणूक आता जुनी झाली तरी चालते, म्हणून लिहितो. आयात मालाची ड्युटी बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे माल देशात आल्याचा जो कागद कस्टमकडे भरतात त्यावर, लागते, पैसे सरकारी चलनाने जातात, आणि बिल ऑफ एंट्रीचा नंबर आइसगेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. माल कुरियरने आला तर कुरियर कंपनी तिचं बिल देते. कुठलाही कस्टम अधिकारी स्वतःच्या नावाच्या खात्यावर गुगल पेने ड्युटी घेत नाही. माझ्याकडून मागितलेली रक्कम ज्या खात्यावर जायची होती, ते खातं सावंतवाडीतल्या एका मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं निघालं. ती मी दिली नाही. त्याच दिवशी पिकअप घेऊन गेलो आणि आहे तो सांगाडा उचलून माझ्या काजूच्या शेडमध्ये आणून टाकला. त्याने अडवलं नाही. उलट हसत दोरी बांधायला मदत केली, कारण त्याला मिळायचं ते मिळालेलं होतं.

फायबरचं काम किती आहे हे बघायला मालवणहून एका काकांना बोलावलं. आयुष्यभर फायबरच्या होड्या बांधलेला माणूस. गाड्यांमधलं त्यांना काही कळत नाही, आणि तेच बरं झालं. आल्या आल्या त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं आणि नुसता वास घेतला. मे महिना, वर तापलेले पत्रे. ‘वास येता रे,’ म्हणाले. ‘पंचवीस वर्सां जुन्या फायबराक वास येणा नाय.’ वास रेझिनचा, म्हणजे फायबरचे धागे ज्यात भिजवून घट्ट करतात त्या चिकट द्रवाचा, त्यातल्या स्टायरिन या रसायनाचा. होडी बांधतात त्या शेडमध्ये गेलात की डोळ्याला झोंबतो तोच. काम ताजं असलं की उन्हात तापल्यावर पुन्हा येतो.

मग त्यांनी आतल्या बाजूचं काळं डांबरी रंगकाम पत्रीने खरवडलं. वरून लाल मातीचा थर होता, जांभ्याच्या धुळीचा, शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असल्यासारखा. खाली मॅटचे, म्हणजे फायबरच्या कापडाचे, धागे पांढरेशुभ्र. जुन्या फायबरचं भोक बघा, कडा पिवळट पडलेल्या असतात, धाग्यांत मळ शिरलेला असतो. इथे बिजागरीची भोकं काल पाडल्यासारखी. रुपयाचं नाणं घेऊन त्यांनी सगळी बॉडी ठोकत आणली, सर्व्हेवाले होडीचं बूड ठोकतात तशी, आणि जिथे आवाज बदलला तिथे खडूने खूण केली. जाडी एका जागी एक, हातभर पुढे दुसरी.

पण खरी गंमत डाव्या हेडलाइटखाली होती. तिथे अंगठ्याएवढी तिरकी रेघ उमटलेली, कधीकाळी तडा जाऊन वाईट भरलेला असावा अशी. काकांनी पॉलिश पेपर मारला. पुट्टी असती तर निघाली असती, खाली तडा दिसला असता. काहीच निघालं नाही. रेघ जेलकोटमध्येच, म्हणजे साच्यात सगळ्यात आधी लावतात त्या बाहेरच्या गुळगुळीत थरातच होती, म्हणजे बॉडीसोबतच जन्मलेली. दुरुस्तीचा व्रण आहे, दुरुस्ती मात्र कधी झालीच नाही! काका हसायलाच लागले. ‘ह्यो साचो दुसऱ्या गाडयेवरसून काढलेलो आसा. त्या गाडयेक कधीतरी ठोकर बसलेली, ती पण हयसर इली.’

होड्यांच्या धंद्यात हे सर्रास चालतं. कोणाची होडी चांगली चालली की तिला मेण लावायचं, वरून फायबरचा साचा उचलायचा आणि त्यातून हव्या तेवढ्या होड्या काढायच्या. मूळ होडीवरचा ओरखडासुद्धा साच्यात जातो. शिवाय रेझिन सुकताना आकसतं, म्हणून नकलेतून काढलेली वस्तू मूळ वस्तूला तंतोतंत बसत नाही. दार बसत नव्हतं, त्याचं कारण मला इतके दिवस ‘अपघातात फ्रेम वाकली’ असं सांगितलं जात होतं.

खालचा भाग कुडाळच्या एका जुन्या मेस्त्रींनी बघितला. त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. सीटखालच्या पत्र्यावरच्या दाबलेल्या नाळ्या बघून म्हणाले, ‘एटहंड्रेड आहे ही.’ मारुती ८०० चा फ्लोअर, बाजूंनी कापून, मध्ये चौकोनी पाइप वेल्ड करून वाढवलेला. गिअरच्या जागेचा आकारही तोच. म्हणजे वर होडीच्या शेडमध्ये काढलेली बॉडी आणि खाली भंगारातली मारुती, यालाच जगातला एकमेव प्रोटोटाइप म्हणायचं. इंजिन कधी आलंच असतं तर त्याचे प्लग मोजले असते. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, स्टॉर्ममधलं रेनोचं चार.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि घाम फुटला तो तिथे. पुढच्या भिंतीवर चॅसी नंबर असतो ती जागा ग्राइंडरने घासून वर पुट्टी भरली होती. गाडी रीतसर भंगारातून घेतली असेल तर नंबर घासायची गरज काय? चोरीची निघाली तर चोरीचा माल माझ्या शेडमध्ये. असं काही सापडलं तर ती जागा स्वतः घासू नका, रंगवू नका. फॉरेन्सिकवाले रसायन लावून घासलेला नंबर बऱ्याचदा पुन्हा वर आणतात, तुम्ही हात लावलात तर तेही जातं.

‘व्हिंटेज नंबर काढून देतो’ हेही त्याच्या बोलण्यात होतं. व्हिंटेजचे नियम २०२१ मध्ये आले. त्यात गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते, नव्या नोंदणीची फी वीस हजार आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. १९९८ च्या गाडीला त्यासाठी २०४८ उजाडेल. आणि पहिली नोंदणीच नसलेल्या गाडीचं काय मोजणार?

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं ते सगळ्यांना मिळतं तेच: करार आहे म्हणजे दिवाणी बाब, कोर्टात जा. करार असला तरी सुरुवातीपासून खोटं सांगून पैसे घेतले असतील तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक आहे, जुनं ४२० ते हेच. ठाण्यात नोंद घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी अर्ज केला. सोबत ₹ चिन्हाखाली लाल रेघ मारलेली झेरॉक्स, सॉकेटचा फोटो, घासलेल्या नंबराचा फोटो आणि बँकेचे उतारे जोडले, त्यानंतर गुन्हा नोंदवला गेला. रोख दिलेल्या रकमेचा मात्र पुरावा नाही, ती फक्त माझ्या तोंडी आहे. गॅरेजच्या कामापोटी घेतलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगात वेगळी तक्रार केली आहे. तिथे दोन वर्षांची मुदत असते, पोलीस काय करतात याची वाट बघत ती घालवू नका.

गाडी सध्या पंचनामा होऊन माझ्याच शेडमध्ये आहे, हलवायची परवानगी नाही. साचा मात्र पोलिसांना मिळालेला नाही. गेल्या महिन्यात देवगडच्या एका ओळखीच्या बागायतदाराने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, ‘असली एक बघून आलो, घेऊ काय?’ गाडी पिवळी, विकणारा वेगळा, गोष्ट तीच. मी त्यांना डाव्या हेडलाइटखालचा फोटो जवळून काढायला सांगितला. तिरकी रेघ, अंगठ्याएवढी, तिथेच होती. तुम्हाला कोणी दाखवली तर आधी तिथे बघा, रंग कुठलाही असो.